मास्तरांचे एकोणीस उपयोग

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना एकच दुःख होतं. आता ऐकायला कोणी नव्हतं. त्यामुळे मास्तरीणबाईंनी "मला जरा इंग्रजी शिकवा हो" म्हणताच त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाई एका हॉटेलच्या धुलाईघरात अकरा वर्षं उभ्याने चादरींना इस्त्री करत होत्या. गुडघे पार कामातून गेले होते. आता तिथल्या मुकादमाची जागा निघाली होती. मुकादमाला खुर्ची असते! मुलाखत मात्र इंग्रजीतून, आणि तीही गुरुवारी.

"‘ऑन’पासून सुरू करू," मास्तर म्हणाले. "एकूण एकोणीस उपयोग."

"अहो, परवावर आलीय मुलाखत!"

"पाया कच्चा नको."

झालं! टेबलावरचं पुस्तक ऑन, भिंतीवरचं घड्याळ ऑन, छताला चिकटलेली पाल, तीही ऑन. "ती तर खाली लोंबकळतेय," बाई म्हणाल्या, तर मास्तर अर्धा तास तापले. बुधवार संपला तरी गाडी सातव्या उपयोगावरच.

गुरुवारी आठवा उपयोग सांगत सांगत मास्तर हॉटेलात, आणि कोणी न बोलावता थेट मुलाखतीच्या खोलीत शिरले. मॅनेजरबाईंनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर मास्तरांनी दिलं, तेही अस्खलित. दुसऱ्याचंही त्यांनीच दिलं. आपण बायकोला केवढा हात देतोय, या आनंदात तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलंच नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी दाराबाहेरच्या बाकाकडे बोट केलं.

"यू! सिट ऑन बेंच! नो टॉक!"

मास्तरांनी चूक सांगायला तोंड उघडलं. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बसले. आयुष्यात त्यांना असं कोणी बसवलं नव्हतं. कान गरम झाले, लाज वाटली.

दार उघडंच होतं. मॅनेजरबाई हसू दाबत म्हणाल्या, "धुलाईघरातली वीस माणसं कुणाला म्हणून जुमानत नाहीत. हे गृहस्थ कोण?"

"माय हजबंड."

"सोमवारपासून मुकादम म्हणून या."

बाई बाहेर आल्या. मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

"आता उठू का?" त्यांनी विचारलं.