फ्लेक्समधला हनुमंत

पाथर्डीत मी फ्लेक्सच्या पिशव्या शिवते. ऊसतोडीहून परतलेल्या बायका फडावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, छपरावरचे जुने फ्लेक्स आणून टाकतात. पिशव्या होऊन उरलेल्या तुकड्यांची मी चित्रं करते. शिकवलं कुणी नाही, मोबाईलवर पाहिलं. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसात दोघा चित्रकारांनी आधी वस्तूंचे आकार फोडून फोडून रंगवले, मग कंटाळले असावेत, थेट वर्तमानपत्राचे नि भिंतीच्या कागदाचे तुकडेच चिकटवायला लागले. मला ते लगेच पटलं. शिंपिणीला आणखी काय हवं?

पावसाळ्याआधी मी एका टेबलाचं चित्र चिकटवलं. तांब्या पोत्याचा, बाटली वर्तमानपत्राची, आणि टेबलाच्या कडेला फ्लेक्सची पट्टी. तीत एक डोळा. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा असेल, असं धरून चालले. तो डोळा मी कुठंही बसले तरी माझ्याकडंच बघायचा. "साहेब, निवडणूक झाली," असं मी त्याला म्हणायची. शेवटी त्याच्याकडं पाठ करून शिवायला लागले, तर मानेला जाणवायचा.

गेल्या महिन्यात झुंबरबाई ब्लाउज न्यायला आली. चित्रासमोर थबकली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"आमचं मालक हायेत ह्ये."

तिचा नवरा, हनुमंत, दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली गेला. फ्लेक्स श्रद्धांजलीचा होता. वाढदिवसाचा काय नि गेलेला काय, फ्लेक्सवर माणूस सारखाच हसतो. झुंबरबाई माहेरी असताना जावेनं तो फ्लेक्स माझ्याकडं टाकला होता. दुसरा फोटो नव्हता. मोबाईल त्याच्यासोबतच चिरडला.

डोळा सोडवून देते म्हणून मी कात्री घेतली. तिनं माझा हात धरला.

"आता कापू नका, ताई. बाकीचा चेहरा कुठं हाय?"

बाकीचा मी पिशव्या करून विकला होता. मग तीन आठवडे बाजार पालथा घातला, नवी पिशवी देऊन जुनी मागत. बायकांना वाटलं सरकारी योजना आहे. कान मिळाला नाही, कपाळही नाही. मेथीच्या जुड्यांखाली एका पिशवीवर ओठ सापडले, मिशीसकट. डोळ्याजवळ जागा नव्हती, तांब्याखाली चिकटवले.

झुंबरबाई आली, बराच वेळ बघत राहिली. "जरा भाईर बसता का?" म्हणाली.

मी पायरीवर बसले. आतून तिचा आवाज येत होता. जावेची तक्रार, शेळी व्याल्याचं, पत्रे गळतात ते. मधेमधे ती थांबत होती, समोरच्याचं ऐकून घ्यायला लागतं तेवढंच. एकदा "तसं न्हाई हो," म्हणाली.

दोन गिऱ्हाइकं आली. त्यांना मी उद्या या म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.