विसावा दिवस

मालक बूट न काढता आत आला, तेव्हाच बॅटरीकाकांना काहीतरी बिनसलंय हे कळलं. अंडी उबवायच्या त्या हॅचरीच्या आतल्या खोलीत बाहेरचं पायताण आणायचं नाही, हा नियम मालकाच्या वडिलांनी घातलेला होता आणि मुलगा तो लहानपणापासून पाळत आला होता. आज तो तसाच आत आला, मशीनच्या काचेतून एकदा डोकावला आणि भिंतीकडे बघून बोलू लागला.

सांगण्यासारखं फार नव्हतं. नदीपलीकडे कोंबड्यांमध्ये रोग निघाला होता. इथे कशालाच काही झालेलं नव्हतं, पण कोंबड्या आणि पिल्लं गाडीतून न्यायला-आणायला सरकारने महिनाभर बंदी घातली होती. म्हणजे पिल्लं उचलायला कुणी येणार नव्हतं. इथे ठेवायला जागा नव्हती, खाद्य नव्हतं. आणि मशीनमध्ये चार हजार अंडी होती. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. या अंड्यांचा आज विसावा दिवस होता.

"तीन वाजता बंद करून टाका," मालक म्हणाला. "दारं उघडी ठेवा. गारठा आहे, सकाळपर्यंत होऊन जाईल."

काकांनी मशीनच्या काचेवरून बोट फिरवलं.

"आज अंडी आहेत, काका. उद्या पिल्लं होतील. मग मला सांगवणार नाही आणि तुमच्याच्याने होणार नाही."

बोलणं खरं होतं.

काकांची तिथे एकतीस वर्षं झाली होती. काम एकच. काळोख्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं आणि आत काय आहे ते बघायचं. सातव्या दिवशी आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत असतो. कोरं अंडं नुसतंच उजळतं. जे मध्येच मेलं त्यात रक्ताची एक बारीक कडी उरते. तपासणीच्या दिवशी दोन-अडीच हजार अंडी त्यांच्या हातून जायची. थोरल्या मालकांनी गमतीने बॅटरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. खरं नाव आता चर्चच्या वहीत तेवढं उरलं होतं. चर्चमध्ये एखादी गरोदर बाई शेजारी बसली, की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, काका, जरा बॅटरी धरा आणि मुलगा की मुलगी ते सांगून टाका. काका लाजून कानापर्यंत लाल व्हायचे.

तीन वाजता त्यांनी बटण खाली केलं.

पंखा हळूहळू थांबला. एकतीस वर्षांत त्या खोलीत इतकी शांतता त्यांनी ऐकली नव्हती. कधी वीज गेली तरी जनरेटर लगेच सुरू व्हायचा. आता काहीच नव्हतं. मग त्या शांततेतून आवाज यायला लागला. फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लं कवचाच्या आतूनच बोलायला लागतात, हे काकांना माहीत होतं. अंडं कानाला लावलं की ऐकू येतं. पण पंख्याच्या घरघरीत ते कायम बुडून गेलेलं असायचं. चार हजार जण एकदम बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकले.

त्यांनी दारं उघडली. रडणाऱ्या पोराला म्हणतात तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालं, झालं."

सगळी एकदम गप्प झाली.

चार हजारांतलं एकही बोलेना. जणू आत कुणीतरी हात वर केला होता. काका श्वास रोखून उभे राहिले. बऱ्याच वेळाने खालच्या ट्रेमधून एकाने बारीक आवाज काढला, मग दुसऱ्याने, आणि मग पुन्हा सगळ्यांनी. काकांचं पुन्हा तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

तासाभराने ते सवयीने उष्णता बघायला गेले. आतापर्यंत काटा चांगला खाली यायला हवा होता. तो होता तिथून केसभर वर सरकला होता. शेवटच्या दिवसांत अंडी स्वतःचीच ऊब तयार करतात, उन्हाळ्यात तर मशीन गार ठेवायला धावपळ होते, हे सगळं काकांना पाठ होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर उभं राहून बघणं वेगळं. मशीन बंद होतं, दारं उघडी होती आणि काटा वर चढत होता.

पाच वाजता ते डबा घेऊन निघाले. अंडी निवडणाऱ्या म्हाताऱ्या बाई तेवढ्या आवारात झाडत होत्या. नेहमी काहीतरी टोमणा मारायच्या. आज त्यांनी मान वर केली नाही.

घरी दोन खोल्या आणि थोरली बहीण. काका सात वर्षांचे असताना आई गेली. तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. तिने भावाला वाढवलं, चर्चच्या संडे स्कूलमध्ये चाळीस वर्षं मुलांना शिकवलं आणि लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता तिचं हृदय इतकं थकलं होतं, की पलंगावरून खुर्चीपर्यंत येणं हेच तिचं दिवसाचं काम झालं होतं.

जेवायला बसल्यावर काकांना घरघर ऐकू आली. मशीनच्या पंख्यासारखी, पण लांबून. त्यांना वाटलं फ्रिज असेल. उठून त्यांनी फ्रिजची पिन काढली. घरघर होतीच. दार उघडून रस्त्यावर जाऊन उभे राहिले, तिथेही होती. वरून नाही, बाजूने नाही, पायाखालून आल्यासारखी, एका लयीत. तिची त्यांना भीती वाटली नाही. ही थांबली तर काय होईल, याची मात्र वाटली.

ताईने विचारलं, ताट सोडून काय ऐकतोयस. तेव्हा त्यांनी बटणापासून काट्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुला एकदा विचारलं होतं. तू पुढच्या रविवारी सांगते म्हणाली होतीस."

ताई हसली. "बावन्न वर्षं झाली. तिसऱ्या बाकावर बसायचास तू."

त्या दिवशी वर्गात तिने विचारलं होतं, देवाने हे जग आणि माणूस कशासाठी केला? एक मुलगी म्हणाली, त्याला एकटं वाटत होतं म्हणून. ताईने सांगितलं, नाही. देव एकटा कधीच नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रेम आधीपासूनच भरून होतं. त्याला कशाची उणीव नव्हती. ते भरून सांडलं, त्यातून जग झालं. आपल्यालाही त्या आनंदात वाटा मिळावा म्हणून. तेव्हा सात वर्षांच्या भावाने विचारलं होतं, माणूस चुकणार, आणि मग सगळे मरणार, हे देवाला ठाऊक होतं का? होतं, ताई म्हणाली. मग त्याने केलंच कशाला? आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

"मी पाळकांना विचारलं होतं," ताई आता म्हणाली. "ते म्हणाले, हे गूढ आहे असं सांग. आई गेलेल्या पोराला मला ते सांगवेना. म्हणून गप्प बसले. तूही परत विचारलं नाहीस."

"आता विचारतोय."

ताईला बोलायला दम पुरत नव्हता. ती एकेक वाक्य बोलायची आणि थांबायची. "ज्याला गरज असते ना, तो गरज संपली की हात काढून घेतो. तुझ्या मालकाचं तेच झालं. तो वाईट नाहीये. देवाला आपली गरजच नव्हती. त्यामुळे हात काढून घ्यायला त्याच्याकडे कारणच नाही." तिने श्वास घेतला. "जग करून तो निघून गेलेला नाही. आत्ता, या घडीलाही त्याने धरलंय. त्याने सोडलं तर तू नाहीस, मी नाही, ही भिंत नाही."

"मरणार हे माहीत असूनही?"

"माहीत होतं म्हणून तर तो स्वतः माणूस होऊन आत आला. काचेतून बघत नाही बसला." तिने काकांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. "मला एवढंच कळलंय. बाकीचं मलाही नाही कळलेलं."

काकांनी ताट बाजूला सारलं. मग जरा चाचरत विचारलं, ती घरघर तिलाही ऐकू येते का.

"येते की," ताई म्हणाली. "दोन महिने झाले. मला वाटलं, माझ्याच कानात आहे."

सकाळी उजाडता उजाडता काका हॅचरीत गेले. निवडणाऱ्या बाई पायरीवर बसल्या होत्या. आत मशीनची दारं बंद होती. काकांनी ती उघडी टाकली होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. खाली विटासुद्धा लावल्या होत्या. विटा आता भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या.

"मी लावली दारं," बाई बाहेरूनच म्हणाल्या. "फाटकापर्यंत ऐकू येत होतं. ऐकवेना, म्हणून लावली." त्यांनी काकांकडे बघितलं नाही.

आत आवाज नव्हता. काकांनी दार ओढलं तेव्हा कोंदट, ओलसर, गरम हवा तोंडावर आली. कुणीतरी तोंडाशी तोंड आणून श्वास सोडावा तशी. वरचे ट्रे जसेच्या तसे होते. वर उष्णता साचली होती आणि हवा पोचली नव्हती. त्यांनी दोन-चार अंडी कानाला लावून बघितली आणि परत ठेवली. मग खाली वाकून बॅटरी मारली.

खालच्या ट्रेमध्ये कवचं फुटली होती. पिल्लं उभी होती. काही अजून ओली होती, काहींच्या पाठीला कवचाचे तुकडे चिकटले होते. दाटीवाटीने उभी, एकही चिवचिवत नव्हतं, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे होती. दिव्यात त्यांचे डोळे एकदम चमकले. एकतीस वर्षं काका आत बघत आले होते. आतून आपल्याकडे कुणी बघतंय, असं त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं. त्यांनी बॅटरी विझवली. मग गुडघ्यांवर बसून कमरेपर्यंत मशीनच्या आत शिरले आणि अंधारात चाचपडत एकेक पिल्लू उचलून बाहेर देऊ लागले. मागून कुणीतरी ती घेतंय हे त्यांना थोड्या वेळाने जाणवलं. निवडणाऱ्या बाई आत आल्या होत्या.

दीडशेच्या वर निघाली.

नऊ वाजता मालक आला. पिल्लांनी भरलेल्या खोक्यांकडे त्याने बघितलं. काकांनी सांगितलं, बाईंचा दोष नाही, दारं नीट लावून ठेवायला मीच सांगितलं होतं. एकतीस वर्षांत मालकाशी ते एवढंच खोटं बोलले. मालकाला ते खोटं आहे हे कळलं असावं.

"बंदी गाडीला आहे," तो म्हणाला. "पायी जाणाऱ्याच्या खोक्याबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही."

उरलेल्या अंड्यांसाठी मागे खड्डा खणायचा होता. माणूस बोलवायला तो तयार नव्हता. कोट काढून त्याने स्वतःच कुदळ घेतली, आणि माती ओढून झाल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबला. जाताना काकांना म्हणाला, मशीन परत कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. काका म्हणाले, ठीक आहे. काकांचं इथलं काम संपलं, हे दोघांनाही कळत होतं.

काकांनी खोकी घरी आणली. ताईच्या खुर्चीजवळ मोठं खोकं ठेवून वर दिवा टांगला. पिल्लं अशक्तच होती. रोज सकाळी काही उचलून बाहेर न्यावी लागायची. पण जी राहिली ती दाणे टिपायला लागली, एकमेकांच्या पायांवर पाय द्यायला लागली. ताईने खुर्ची खोक्याला टेकवून घेतली आणि उजवा हात आत सोडून बसू लागली. पिल्लं हाताखाली शिरायची. गोष्ट सांगताना वर्गातली पोरं अशीच अंगावर पडायची, म्हणाली. आणखी एकदा, बराच वेळ बघत बसल्यावर म्हणाली, "आपण कशासाठी आहोत ते यांना कुठे ठाऊक आहे. तरी बघ कशी आहेत."

सातव्या दिवशी दुपारी काका पिल्लांसाठी मक्याची भरड आणायला दुकानात गेले. परत आले तेव्हा पायाखालच्या घरघरीवाचून घर शांत होतं. खोक्यातून नेहमी येणारी चिवचिव ऐकू येत नव्हती. त्यांनी पिशवी दाराशीच ठेवली.

ताईची मान खांद्यावर कलली होती. हात खोक्यात होता. काका खाली बसले आणि त्यांनी तिच्या मनगटाला बोट लावलं. मनगट गार होतं. त्यांना ते पटेना. त्यांनी बोटं हळूच तिच्या तळव्याखाली सरकवली, आणि तळवा गरम होता. चांगला गरम, ताप नसलेल्या माणसाचा असतो तितका. क्षणभर त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं, ती आता डोळे उघडेल म्हणून.

मग बोटांना मऊ काहीतरी लागलं, आणि ते वर-खाली होत होतं. आठ-दहा पिल्लं तळव्याखाली एकमेकांत डोकी खुपसून झोपली होती. हात गरम होता, पण ती ऊब ताईची नव्हती.

पाळकांना कळवायचं होतं. शेजारी सांगायचं होतं. काकांनी आवाज न करता दुसरी खुर्ची जवळ घेतली आणि बसले. पिल्लं आपणहून उठेपर्यंत त्यांनी तो हात हलवला नाही.