मूल राहत असल्याच्या खुणा

शाळेच्या कचेरीतून पाहणीसाठी बाई येणार, हे कळताच तळमजल्यावरच्या रंगाऱ्याने खोलीला रंगाचा नवा हात दिला आणि त्याच्या बायकोने ती अशी लख्ख केली, की त्या घरात एक सात वर्षांची मुलगी राहते याचा मागमूसही उरला नाही. हे कुटुंब परदेशातून येऊन वर्ष उलटले होते. मुलगी खरोखरच या वस्तीत राहते, की केवळ पत्ता दाखवला आहे, याची खात्री पटल्याशिवाय सरकारी शाळा तिला घेणार नव्हती. आणि ही खात्री फक्त बाहेरून आलेल्यांकडूनच मागितली जाई.

त्या ‘फक्त’ला दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची सक्त हरकत होती. न्यायालयात लघुलेखक म्हणून इतरांचे युक्तिवाद उतरवून घेण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांचे स्वतःचे सुरू झाले. सगळी इमारत त्यांना मुद्देकाका म्हणे. सकाळपासून ते रंगाऱ्याला भिंतींविषयी सल्ले देत तळमजल्यावरच तळ ठोकून होते.

पाहणीबाई आल्या. खोलीत खाट, टेबल, ओल्या रंगाचा वास आणि आईला बिलगलेली मुलगी, एवढेच होते.

“मुलगी झोपते कुठे?”

“इथेच,” आई म्हणाली.

“अंथरूण?”

आईने रंगाऱ्याकडे पाहिले, रंगाऱ्याने छताकडे.

“खेळणी, चपला, काहीतरी असेल ना? मूल समोर आहे, पण ते इथे राहतं असं कुठे दिसत नाही.”

मुद्देकाकांनी घसा खाकरला. “बाई, एक मुद्दा आहे. माझा नातू त्याच शाळेत जातो. त्याचं अंथरूण बघायला आजवर कुणी आलं नाही. शाळा सगळ्या मुलांची असेल, तर मूल कुठून आलं हा प्रश्नच गैरलागू. आणि पाहणी करायचीच, तर सगळ्यांची करा. माझ्या घरापासून सुरुवात करा.”

“अहो,” दारातून काकूंचा आवाज आला, “जेवायची वेळ झाली.”

“जेवण नंतर. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व काही नासत नाही. आमटी निवते.”

काकू डोळ्यांनी बरेच काही सांगत होत्या. पण मुद्दा मांडताना बायकोच्या डोळ्यांकडे पाहण्याची काकांना सवयच नव्हती. पाहणीबाईंनी हसू दाबले. “काकांचं म्हणणं खोटं नाही. चला, वर जाऊ.”

काकांनी मोठ्या रुबाबात दार उघडले आणि ते उंबऱ्यावरच थबकले. बैठकीत एक छोटी गादी आणि चिमुकल्या चपला होत्या. रंगाच्या रिकाम्या डब्यात गोटे होते. आरामखुर्चीवर चित्रांची चळत होती आणि त्यांच्या लाडक्या शब्दकोशावर एक कापडी कासव मान वर करून बसले होते.

“हा काय प्रकार आहे?”

“पसारा,” काकू म्हणाल्या. “खालच्या वहिनींनी सकाळी आणून ठेवला. मघापासून डोळे मिचकावून माझ्या पापण्या दुखल्या.”

पाहणीबाईंच्या कपाळावर आठी पडली. “म्हणजे मुलगी तुमच्याकडे राहते?”

“नाही हो, बाई.” आई घाईघाईने पुढे झाली. मग तिचा आवाज खाली आला. “आमच्या देशात सरकारी माणूस येणार म्हटलं, की जे जिवापाड असतं ते आधी लपवायचं. हात आपोआप तसेच चालले.”

पाहणीबाईंनी वरचे चित्र उचलले. त्यात एक खाट, एक टेबल, ब्रश घेतलेला बाप आणि खिडकीतून दिसणारे शाळेचे फाटक होते. त्यांनी मुलीकडे पाहिले. “जे जिथे होतं तिथे परत लावून दाखवशील?”

मुलीने कासव काखोटीला मारले आणि ती पुढे निघाली. मागून रंगारी गादी घेऊन, आई चपला घेऊन, काका चित्रे घेऊन आणि पाहणीबाई गोट्यांचा डबा घेऊन, अशी वरात जिना उतरली. मुलगी कुठेही अडखळली नाही. खाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गादी मापून शिवल्यासारखी बसली. कासव खिडकीत गेले, डबा दारामागे. चित्रे तिने ओल्या भिंतीवर दाबली. ती आपसूकच चिकटली.

“अगं, आत्ताच रंग दिलाय,” रंगारी कळवळला.

“बाबा, ती तिथेच होती.”

“तिथेच होती,” पाहणीबाईंनी दुजोरा दिला आणि टेबलावर टेकून प्रवेशाच्या शिफारशीवर सही केली. त्यांच्या कोपराला पांढरा रंग लागला होता.

“हिचं झालं,” काका म्हणाले, “पण उद्या दुसऱ्या कुणाची आई घर रिकामं करील, तिचं काय?”

“ही पाहणी बंद करा, असा अर्ज लिहा. अशी रिकामी घरं बघून मीही विटले आहे. तुमच्या सहीखाली माझी सही असेल.”

वाद घालायला उभे राहावे आणि समोरच्याने आधीच मान्य करावे, हा प्रसंग काकांना नवा होता. ते गोंधळून काकूंकडे पाहू लागले.

“आता बघताय होय माझ्याकडे?” काकू म्हणाल्या. “चला सगळेच वर. आमटी पुन्हा गरम करते. बाई, तुम्हीही. नातवाची पाहणी राहिली आहे; त्याच्या खुणा माझ्या सगळ्या भिंतींवर आहेत.”

जिन्यात मुलीने पाहणीबाईंचा हात धरला. “शाळेतही आधी सगळं लपवून जायचं का?”

“नाही गं. कासवसुद्धा आण.”

शाळेच्या पहिल्या दिवशी नातवाच्या मागोमाग ती फाटकातून आत शिरली, तेव्हा दप्तराच्या तोंडातून कासवाची मान बाहेर आली होती. तिच्या बाहीवर पांढरा डाग होता आणि तिच्या आईने तो मुद्दाम धुतला नव्हता.