क्लबने दिलेला नारळ

लग्न होऊन सहा महिने झाले तरी नागोरावला बायकोशी कुजबुजतच बोलावं लागत होतं. कारण आम्ही. कुंभवलीतल्या एकाच खोलीत पडद्याच्या अलीकडे मी, माझी बायको आणि दोन पोरं; पलीकडे नागोराव आणि नर्मदा. पडदा म्हणजे माझ्या बायकोची जुनी साडी. ती उजेड अडवायची, आवाज नाही. पलीकडे बांगड्या वाजल्या की माझी बायको उगाचच भांडी आवरायला घ्यायची आणि मी उगाचच खोकायचो. संकोच दोन्हीकडे होता आणि भाडं निम्मं निम्मं.

यातून सुटायचा एकच मार्ग होता, वामनची खोली. वामन जवळच्या दांडी गावच्या मच्छीमार घरातला. कुंभवलीच्याच दुसऱ्या टोकाला त्याने चार खोल्या बांधायला काढल्या होत्या. बांधकामाचा वेग माशांच्या मर्जीवर. जाळ्यात पापलेट आलं की भिंत वर चढायची, नाही आलं की गवंडी घरी बसायचा. शेवटची खोली त्याने नागोरावला तोंडी कबूल केली होती. पत्रे चढले की डिपॉझिट द्यायचं आणि राहायला जायचं. डिपॉझिट नागोरावने कधीच जमवून ठेवलं होतं.

मग बोईसरच्या बाजारात 'रुपेरी किनारा क्लब'चा मांडव पडला. नवीन लग्न झालेल्यांना भेटवस्तू मोफत, अशी पाटी. कारखान्यातली पाळी सुटल्यावर नागोराव एकटाच आत शिरला. समोर टाय लावलेला बन्सी, आणि तो निघाला परभणीकडचा, नागोरावच्या शेजारच्या गावचा. परमुलखात कोणी आपल्या बोलीत "कवा आलाव?" असं विचारलं की शहाणा माणूससुद्धा विरघळतो, आणि नागोराव काही फार शहाणा नव्हता. बन्सीने फोटो दाखवला. समुद्रकाठी टुमदार घर, दरवर्षी सात दिवस फक्त नवरा-बायकोचं.

"पण हे पैसे खोलीचे हायेत," नागोराव म्हणाला.

"खोली कुठं पळून चालली? आन् मनाला न्हाई पटलं, तर पंदरा दिवसांत रद्द करा की!"

नागोरावने डिपॉझिटचे सगळे पैसे क्लबची फी म्हणून भरले. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मी हसलो नाही, कारण त्या पडद्याच्या अलीकडे मीच झोपत होतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाने समुद्र विकत घेतला, असं कारखान्यात सगळे म्हणाले. त्याने समुद्र घेतलाच नव्हता. चार भिंती घेतल्या होत्या, सात दिवसांच्या.

त्याच संध्याकाळी क्लबच्या मॅनेजरने नव्या सभासदांचा सत्कार केला. मॅनेजर सुरतेचा. मराठी नवंनवं शिकला होता आणि ते बोलायची त्याला भारी हौस. नागोरावच्या गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आणि हातात नारळ. तसाच तो मिरवत घरी आला. नर्मदेने शाल बघितली, नारळ बघितला आणि पैशांचं विचारलं. त्यानंतर पडद्यापलीकडून जे काही आलं त्याला कुजबुज म्हणत नाहीत. आम्ही चौघंही भांडी आवरायला लागलो.

तिसऱ्या दिवशी नागोराव रद्द करायला गेला, सोबत मी. मॅनेजर गोड हसला. "रद्द करा ना! पण फी परत मिळणार नाही." पावतीच्या मागे छापलंच होतं. सभासदाने स्वतः सोडलं तर फी क्लबची, क्लबने सभासदाला काढलं तर फी सभासदाची. बन्सी तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो पंख्याकडे बघायला लागला. म्हणाला, "रद्द व्हतं म्हणलो. पैसे मिळत्याल, असं कुठं म्हणलो?" त्याच्या टायला हात घालावासा वाटला मला. घातला नाही, त्याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हा विषय निघाला आणि कोणीतरी म्हणालं, "अरे, क्लबने तर तुला पहिल्याच दिवशी नारळ दिलाय!" सगळे खो खो हसले. नागोराव हसला नाही. आमच्या तारापूरच्या कारखान्यांत हा शब्द कोणी हलकेच घेत नाही. ज्याला नारळ मिळाला, तो दुसऱ्या दिवशी गेटवर दिसत नाही. नागोराव स्वतः टेंपररी होता. डबा अर्धा टाकून तो मला म्हणाला, "म्हंजे त्यांनीच मला काढलंय. मंग फी माजीच की!"

वामनच्या कानावर हे गेलं तेव्हा तो चक्रावला. "आमी नारळ दर्याला देतो, मंग धंदा चालू होतो. तुमचं उलटंच हाय!" पण खोलीबद्दल म्हणाला, "पत्रे चढायला येळ हाय, तवर थांबतो."

पालघरच्या वकिलाने ग्राहक मंचासाठी तक्रार लिहून दिली. बन्सीने तोंडी दिलेलं आश्वासन, एकतर्फी अट, सगळं नीट मांडलं. नागोरावने हट्टाने शेवटी एक वाक्य घालायला लावलं. 'क्लबने मला पहिल्याच दिवशी नारळ दिला.' वकील हसला, पण म्हणाला, "घालू. खोटं तर नाही ना?"

ठाण्याला तारखा पडत राहिल्या, वर्ष सरलं. शेवटच्या तारखेला मॅनेजरने स्वतः मराठीत उत्तर द्यायचा आग्रह धरला.

"क्लबने यांना नारळ दिला, हे खरं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"शंभर टक्के खरं, साहेब! आम्ही तर सगळ्यांनाच पहिल्या दिवशी नारळ देतो. आमची पद्धतच आहे ती!"

हशा पिकला. आपलं मराठी लोकांना आवडलं असं वाटून मॅनेजर आणखी फुलला.

"आणि फी?"

"फी आमच्याकडेच राहते, साहेब."

अध्यक्षांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. निकाल लागला तो तोंडी आश्वासनावर आणि एकतर्फी अटीवर. त्यात नारळाचं नावही नव्हतं. पण हे बोईसरमध्ये कोणाला पटवून दाखवा! नागोराव नारळावर केस जिंकला, असंच सगळे सांगतात.

पैसे हातात पडले त्याच संध्याकाळी आम्ही वामनकडे निघालो. नर्मदा सगळ्यांच्या पुढे. खोलीवर पत्रे चढले होते, दार बसलं होतं, आणि बाहेर नळावर बनियनवर तोंड धूत उभा होता बन्सी.

"या, या! कालच आलो राहायला," तो म्हणाला.

वामन घाईने पुढे आला. "नागोराव, यालाच तुमी पाठवलात ना? हा बोलला, तुमाला खोली नको. केस जिंकून तुमाला समुद्रावर घर मिळालं म्हणून."

"मी?" नागोराव ओरडला.

"डिपॉझिट कशातनं भरलं रे?" मी बन्सीला विचारलं.

"कमिशन साठलं होतं थोडं," तो टॉवेलात तोंड लपवून म्हणाला.

कोणाचं लक्ष नसताना नर्मदा खोलीत गेली. बन्सीची बॅग, गादी आणि टाय तिने पायरीवर आणून ठेवला, अगदी नीट, टायची घडी घालून. मग ती परत आत गेली आणि दाराला कडी लागली.

"वैनी! उघडा!" बन्सी धावला. "वामनशेठ, मी डिपॉझिट भरलंय. असं एकतर्फी रद्द करता येत न्हाई!"

"खोटं बोलून घेतलीस, ती खोली तुजी नाय," वामन म्हणाला. "डिपॉझिट सगळं परत. एक पैसा कापत नाय."

"मी ग्राहक मंचात जाईन!"

"जा की," नागोराव म्हणाला. "वकील चांगला हाय. पत्ता देऊ का?"

आतून केरसुणीचा आवाज यायला लागला. मला इतकं बरं वाटलं, की बन्सीची गादी मीच डोक्यावर घेतली आणि त्याला रिक्षापर्यंत पोचवून आलो.