काळ्या दगडाच्या वळणावरचं तेल

हर्केची लँडरोव्हर डोंगराला घासत थांबली तेव्हा गाडीत आम्ही अकरा जण होतो. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला धुक्याने भरलेली दरी.

"पेडल पार तळाला गेलं," हर्के म्हणाला.

मानेभंजांग बाजाराच्या वर, काळ्या दगडाच्या वळणावर त्या महिन्यात अडकलेली ही तिसरी गाडी. वरच्या वस्तीतली माणसं धावत आली आणि त्यांच्या पुढे ढोल घेऊन भुतं उतरवणारा बिरखे धामी. हा इतक्या लगबगीने आला की वाटावं, त्याला आमंत्रणच होतं.

"कोणी हलू नका," तो म्हणाला. "छेतेन आहे. दोन वर्षांपूर्वी इथेच गाडीसकट दरीत गेला ना, तो. पेडल खालून ओढतोय. मला हात दिसतोय, बोटात अंगठी आहे."

बायका मागे सरकल्या. मी बाजारात पंचवीस वर्षं याच जुन्या गाड्या दुरुस्त करत आलो होतो, त्यामुळे माझ्या मनात भलताच प्रश्न आला. या भुताला ब्रेकचंच पेडल नेमकं कसं सापडतं? क्लच कधी ओढला नाही त्याने. गाडी चढताना त्याने कधी हात घातला नाही, फक्त उतरताना.

ढोल घुमायला लागला. धामी नाचला, तांदूळ फेकले, लाल कोंबडा कापला. मी खाली उतरून चाकांशी गेलो. चारी चाकांना जळका वास होता. एका ड्रमवर थुंकलो, तर थुंकी चर्रकन उडाली.

पाऊण तासाने धामी घामाघूम होऊन थांबला. "दाब आता."

हर्केने दाबलं. पेडल दगडासारखं घट्ट. सगळ्यांनी हात जोडले, हर्के तर रडलाच.

"आज सोडलं त्याने," धामी हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वेळी सोडणार नाही. बायको इथे आहे तोवर तो जायचा नाही. तीच धरून ठेवतेय त्याला. शनिवारी दुपारपर्यंत तिला नदीपार घालवा, घर जाळा आणि त्या जागी पूजेचं थान बांधा."

ते घर वळणाच्या वरच होतं. छेतेनची बायको सुकमित दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही. मला तेव्हा भुताची नाही, त्या माणसांची भीती वाटली.

बाजारात पोचल्यावर मी हर्केला गाडी सरळ माझ्याकडे लावायला सांगितली आणि बोनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या टाकीत बोट बुडवून वास घेतला.

"हे काय ओतलंस?"

"धामीने दिलेलं, दाजू. देवीच्या दिव्याचं तेल. दर अमावास्येला एक चमचा, ब्रेकच्या रक्षणासाठी."

"मोहरीचं तेल, ब्रेकमध्ये? अजूनही?"

"सगळेच घालतात."

"आणि सगळ्यांच्याच गाड्या अडकतात. जे घालत नाहीत त्यांच्यातली एक तरी अडकली का? सांग ना."

मी नव्या रबराच्या दोन वाट्या काढल्या, ब्रेकच्या सिलिंडरमध्ये बसतात त्या. एकेक करून एका सुट्या सिलिंडरमध्ये बसवून हर्केला दाखवल्या. मग एक ब्रेक ऑइलच्या ग्लासात सोडली, दुसरी हर्केजवळच्या धामीच्या तेलात, आणि दोन्ही ग्लास चहावाल्या दिदीच्या फळीवर ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.

शुक्रवारी हर्के आणि मी, ब्रेक तसेच ठेवून, रिकामी गाडी घेऊन वर गेलो आणि पहिल्या गिअरात सावकाश उतरलो, मुद्दाम ब्रेक दाबत. वळणापाशी पेडल तळाला गेलं. गिअरच्या जोरावर गाडी डोंगराला टेकवली. ढोल नाही, कोंबडा नाही. आम्ही भाजलेला मका खात बसलो. पाऊण तासाने हर्केने पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी सुकमितच्या अंगणात चाळीसेक माणसं होती. दोघांच्या हातात रॉकेलचे डबे. मी दोन्ही ग्लास आणि तो सिलिंडर घेऊन मधे घुसलो. ब्रेक ऑइलमधली वाटी सिलिंडरमध्ये अलगद गेली. धामीच्या तेलातली फुगून गुबगुबीत झाली होती, ती तोंडाशीच अडली.

"हेच तुमचं भूत," मी म्हणालो. "तेलाने रबर फुगतं. मग ऑइल परत टाकीत येत नाही, पाय काढला तरी ब्रेक चिकटून राहतो. उतारभर चाकं तापतात, आतलं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. तुम्ही पेडल दाबता ते त्या वाफेवर, म्हणून ते तळाला जातं. गाडी निवली की वाफ विरते आणि पेडल परत येतं. मग तुम्ही ढोल वाजवा, नाहीतर मका खा."

"मका आम्ही खाल्ला," हर्के पुढे येऊन म्हणाला. "काल. या वळणावर. हा धामी तिथे नव्हता."

"देवीच्या तेलाला नावं ठेवतोस?" धामी ओरडला. "जीभ झडेल."

"बिरखे, तू आठ वर्षं सिलिगुडीला ट्रकवर क्लीनर होतास. तापलेला ब्रेक थांबल्यावर परत येतो हे तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

लोकांनी धामीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि रॉकेलचे डबे खाली ठेवले गेले. दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं. धामी त्याच आठवड्यात वस्ती सोडून गेला.

त्या दुपारी सगळे गेले तरी सुकमित मात्र तो तेलाचा ग्लास हातात धरून तशीच रडत उभी होती. मला वाटलं, घर वाचलं म्हणून रडतेय.

"दाजू," ती म्हणाली, "छेतेन गेला त्या दिवशी तो घाईत होता. तेल मीच ओतलं. चमचा सापडला नाही म्हणून अर्धी बाटली."

मी म्हणालो, "बहिनी, ओतलं तू, पण तू त्याला जपायला ओतलंस. ते काय करतं हे जाणणारा धामी होता." तिने मान हलवली. पटलं असेल असं मला वाटत नाही.

आणि अजून एक जाणणारा होता. छेतेन जाण्याच्या महिनाभर आधी त्याची गाडी माझ्याकडे आली होती. बोनेटखाली ब्रेकमध्ये घालायच्या तेलाची बाटली बांधलेली मी पाहिली आणि मोठ्याने हसलो. सांगितलं काहीच नाही. अडाणी माणसं, म्हणालो, आणि बोनेट लावून टाकलं.

म्हणून माझी विनंती शहाण्या माणसांना आधी आहे. कोणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर कारण विचारा, करून बघा, दहा जणांसमोर बघा. पण कारण माहीत असेल, तर नुसते हसून घरी जाऊ नका. त्या माणसाला थांबवा आणि नीट समजावून सांगा. मी सांगायला हवं होतं.