बिनफुलांच्या गाई

"हे गुलाब कसले?" बुर्गीने विचारलं.

"कापडाचे," फेरेना म्हणाली. "पावसात भिजत नाहीत, गाई खात नाहीत."

"गाई शहाण्या आहेत."

फेरेना आमच्या दरीच्या पर्यटन मंडळाची व्यवस्थापक. गाडीची डिकी उघडून ती एकेक मुकुट बाहेर काढत होती आणि कुरणावरच्या झोपडीपुढच्या बाकावर मांडत होती. मी त्याच बाकाच्या एका टोकाला बसलो होतो, त्यामुळे थोड्या वेळाने दोन मुकुट माझ्या मांडीवर आले. बुर्गी दर उन्हाळ्यात गावच्या गाई इथे वर सांभाळते, आणि माझ्या दोन गाई तिच्या कळपात होत्या. दुसऱ्या दिवशी सगळा कळप गावात उतरायचा, म्हणून मदतीला मी आदल्या दुपारीच वर आलो होतो.

"तुम्हाला आवडले नाहीत का?" फेरेनाने विचारलं.

"हजार मीटरच्या वर आलीस तू," बुर्गी म्हणाली. "इथे कोणी कोणाला अहोजाहो करत नाही. खाली गेलीस की पुन्हा कर."

फेरेना शहरातून आलेली, तीन वर्षांत तिला ही रीत जमली नव्हती. पण मुलगी वाईट नव्हती. ती म्हणाली, "बरं, बुर्गी. तुला आवडले नाहीत का?"

"आवडण्याचा प्रश्न नाही. यंदा फुलं नाहीत. घेऊन जा."

आमच्याकडे रीत अशी आहे: उन्हाळा सुखरूप पार पडला, तर उतरताना गाईंच्या डोक्यावर मुकुट आणि गळ्यात मोठ्या घंटा. कुरणावर एक जरी जनावर दगावलं, तर यातलं काही नाही. सगळा कळप बोडक्या डोक्याने, मुक्याने उतरतो. कोणाला काही सांगावं लागत नाही.

आणि यंदा कळपातली श्टेर्नी ही गाय गेली होती. फक्त तसं म्हणायची सोय नव्हती.

याला कारण आमचा रस्ता. गावापासून कुरणापर्यंतचा हा खडीचा रस्ता लाकडं आणि दूध खाली आणायला केलेला. आम्ही तो आयुष्यभर शिव्या देत तुडवला. डांबर टाका म्हणून माझ्या वडिलांनी अर्ज केले, मग मी केले. कोणी दाद दिली नाही. मग एके दिवशी पर्यटन मंडळाने नकाशा छापला आणि त्यावर आमचा रस्ता जाड नारिंगी रेषेने काढला. खडीवर चालवायच्या सायकली निघाल्या होत्या, आणि त्या चालवणाऱ्यांना डांबर नको होतं. रस्ता तोच, खड्डे तेच, फक्त खड्ड्यांना आता अनुभव म्हणू लागले. डांबराचा माझा शेवटचा अर्ज सरपंचाने मला सन्मानाने परत दिला.

सायकलवाल्यांशी बुर्गीचं वैर मुळीच नव्हतं. ती त्यांना ताक द्यायची, चाकात हवा भरायला पंप द्यायची. एकाने ओट्सचं दूध मागितलं तेव्हा, "ओट्स गाईंनी खाल्ले, हे तेच आहे," म्हणून तिने त्याला पेला दिला आणि तो प्यायला. तक्रार त्यांची एकच होती, तीही त्यांनी इंटरनेटवर लिहिली. डोंगर छान, ताक छान, पण फाटकं उघडायला तीनदा उतरावं लागतं.

मंडळाने मनावर घेतलं. वरच्या कुरणाचं जुनं लाकडी फाटक काढून स्प्रिंगचं बसवलं. सायकलचं पुढचं चाक टेकवलं की उघडायचं आणि मागून आपोआप मिटायचं. उद्घाटनाला मिटलंही. बुर्गी तेव्हाच म्हणाली होती की आपोआप मिटणाऱ्या गोष्टीवर कोणाचंच लक्ष राहत नाही. जुलैमध्ये गारा पडल्या, वाळू वाहून स्प्रिंगमध्ये बसली आणि फाटक उघडंच राहिलं. पहाटे श्टेर्नी त्यातून बाहेर गेली आणि पलीकडच्या घसरड्या उतारावरून खाली पडली.

गाय सरपंच कासियानची. फाटक मंडळाचं, आणि मंडळाचा अध्यक्षही कासियानच. त्याने विचार केला आणि श्टेर्नी विकली असं गावात सांगितलं. तिला दरीतून उचलायला हेलिकॉप्टर आलं होतं. विकलेली गाय दोराला टांगून उडत गेलेली मी ती एकच पाहिली. सगळ्या गावाने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

संध्याकाळी कासियान स्वतः आला. विजेच्या सायकलवरून आला, तरी धापा टाकत होता. एका दमात ताक पिऊन त्याने पेला खाली ठेवला.

"बुर्गी, उद्या प्रांत सरकारचे लोक येणार आहेत. शेवटच्या वळणापासून दीडशे सायकलवाले कळपाच्या मागून येणार. फोटो निघणार. आवडलं तर शेजारच्या दरीपर्यंत रस्ता जोडायचं ठरतंय."

"जोडा की."

"मग फुलं?"

"गाय मेलीय, कासियान."

"विकलीय."

"कोणाला?"

कासियानने माझ्याकडे पाहिलं. मी मुकुटाच्या टाचण्या तपासायला घेतल्या.

"हे बघ," तो म्हणाला, "गाय माझी होती. मला दुःख नाही, तर तुला कशाला?"

"हिवाळ्यात तुझी. कुरणावर असते तेव्हा माझी."

"बरं, निदान माझ्या चार गाईंना घालू दे. बाकीच्या राहू देत तशाच."

"म्हणजे ज्याची मेली त्याच्याच नटून येणार? लोक म्हणतील सरपंचाला आनंद झालाय."

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

"लोइस, तू तरी सांग हिला," कासियान म्हणाला. "तुझ्याही गाई आहेत."

"माझ्या दोघी फार लाजाळू आहेत," मी म्हणालो. "कापडाचे गुलाब घातले तर दूध आटेल."

कासियान उठून उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासून त्याची एकच खोड: लोक आपल्याकडे बघत असले की त्याला खरं बोलता येत नाही. आणि सरपंचाकडे लोक सारखेच बघतात.

"पुढच्या उन्हाळ्याचं कुरण अजून कोणाला दिलेलं नाही," तो हळू म्हणाला. "इन्सब्रुक शहरातलं एक जोडपं विचारतंय. तरुण आहेत. दोघंही मानसशास्त्र शिकलेत."

"गाईंचं?"

"सर्वसाधारण."

बुर्गीने पेला उचलून धुतला आणि पालथा घातला. हिवाळ्यात ती बेकरीवरच्या एका खोलीत राहते, हॉटेलातल्या चादरी धुते आणि कोणी विचारलं तर म्हणते, दिवस काढतेय. आईबरोबर पहिल्यांदा वर आली तेव्हा तिला दूध काढता येत नव्हतं. आता ती साठीच्या पुढे आहे, आणि या झोपडीखेरीज तिने कशालाही कधी घर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हे कासियानला माहीत होतं. म्हणूनच तो ते बोलला, आणि म्हणूनच बोलताना बुर्गीकडे न बघता सायकलच्या घंटीकडे बघत होता.

"त्या दोघांना सांग," बुर्गी म्हणाली, "चुलीचा धूर पश्चिमेचा वारा असला की आत येतो. तेवढं सोडलं तर झोपडी चांगली आहे."

"बुर्गी, हट्ट कशाला करतेस? एक मुकुट घाल. पुढच्या एका गाईला. छोटासा."

"छोटीशी मेली असती तर छोटासा घातला असता."

कासियान निघून गेला. मुकुट बाकावरच राहिले. बुर्गीने ते उचलले, एका पोत्यात नीट भरले आणि पोतं फेरेनाच्या नावाची चिठ्ठी लावून दाराशी ठेवलं. दुसऱ्याची वस्तू दवात भिजू नये, एवढंच तिचं म्हणणं. भिजत नाहीत ते, मी म्हणालो. "मग भिजत नाहीत म्हणून बाहेर टाकायचे?" ती म्हणाली.

सकाळी तिने प्रत्येक गाईला खरारा केला, डोळे पुसले, खूर पाहिले. नटवायच्या दिवशीही ती एवढी मेहनत घेत नसे. मोठ्या घंटा खुंटीलाच राहिल्या. मग तिने स्वतः काळा स्कर्ट घातला, काठी घेतली आणि कळपाच्या पुढे चालू लागली. मी मागे.

घंटा नसल्या की कळपाचा आवाज वेगळाच येतो. खुरांखाली खडी करकरते, श्वास ऐकू येतात. त्या रस्त्याने मी आयुष्यभर उतरलोय, पण तो रस्ता मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

शेवटच्या वळणावर सायकलवाले दोन्ही बाजूंनी उभे होते, फोन वर धरून. पलीकडे मंडप, मंडपात प्रांताचे लोक, आणि बाजूला गावचा बँड. ध्वनिक्षेपकावर एक तरुण सांगत होता, "आणि आता फुलांनी सजलेल्या..." त्याने पाहिलं. तो शहरातला होता, तरी थांबला.

बँडमास्तर गावचा होता. त्याने वर केलेला हात हळूच खाली घेतला. पोरांनी वाद्यं ओठांपासून दूर केली. मग म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आधी एकाने, मग सगळ्यांनी. जुलैत ज्यांना हेलिकॉप्टर दिसलंच नव्हतं, त्यांनीही.

"फुलं कुठेयत?" एका सायकलवाल्या बाईने मला विचारलं.

"गाय मेली."

"अरेरे. कशाने?"

"फाटक उघडं राहिलं."

तिने फोन खाली घेतला. शेजारच्याने विचारलं, तिने त्याला सांगितलं. त्याने पुढच्याला सांगितलं. मी गाईंच्या मागून चालत होतो आणि ती गोष्ट माझ्याही पुढे, रांगेतून मंडपाकडे चालली होती. मंडपाशी पोचलो तोवर प्रांताचे साहेब कासियानला काहीतरी विचारत होते आणि कासियान गळ्यातली सरपंचपदाची साखळी सरळ करत होता. दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती.

"वरचं फाटक," तो म्हणाला. ध्वनिक्षेपक चालूच होता. "फाटक आमचं होतं. गाय माझी होती."

शाळेपासून ओळखतो मी त्याला. हे वाक्य त्याने कसं उच्चारलं ते अजून मला कळलेलं नाही.

बुर्गी थांबली नाही. तिने एकेकाच्या गोठ्यात एकेकाच्या गाई पोचवल्या. माझ्या दोघी पोचल्या. शेवटी कासियानच्या चार. तो मागून धावत आला, मंडपातल्याच कपड्यांत, आणि दारात उभा राहिला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला.

"माझ्या मनासारखं झालं असतं तर आज तुझ्या पाच गाई आणल्या असत्या."

त्याने गळ्यातली साखळी काढून खिशात घातली. मग म्हणाला, "कुरण मी त्या दोघांना देऊन बसलोय. काल रात्रीच फोन केला. आता शब्द फिरवता येत नाही मला."

"फिरवू नकोस. आजच कुठे खरं बोलायला शिकलायस."

"तू काय करशील?"

"आत्ता? वर जाईन. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या राहिल्यात, पन्हळीतलं पाणी सोडायचंय. नाहीतर बर्फाने फुटेल, आणि त्या पोरांना मानसशास्त्राने दुरुस्त करता येणार नाही."

"उद्या जा. मी गाडीने सोडतो."

"गाडी नको."

मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसून पाहत होतो. तिने काठी उचलली आणि गावाबाहेर पडली, रस्त्याला लागली. तेवढ्यात मघाशी वर चढून गेलेला सायकलवाल्यांचा एक जथा वरून सुटला. त्यांची शेवटची फेरी होती. उतारावर खडी उडवत, घंट्या वाजवत ते भरधाव खाली येत होते.

बुर्गी रस्त्याच्या मधोमध चालत होती. तिने मान वर केली नाही आणि कडेलाही झाली नाही. पहिल्याने ब्रेक दाबला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. एकेक जण वेग कमी करून गवतातून, तिला वळसा घालून खाली आला. ती आपल्या चालीने वर जात राहिली.