ई म्हणा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर मिशी उतरवीन.

एवढं बोलून मी पायरीवर मांडी ठोकली आणि वाट पाहिली. एरवी इथेच शिंपीदादा म्हणायचे, "उतरवाच काका, मागची पैज अजून बाकी आहे." आज ते नुसते म्हणाले, "सांगा ना." गिरणीवाल्याने तर स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. हा माणूस काडी मागितली तर पेटी लपवतो!

माझ्या पाठीमागे खिडकी आणि खिडकीत आमची ही. गळ्याभोवती ओढणी, मांडीवर सोलायच्या शेंगा.

लग्न झाल्यापासून आमच्या घरची एक रीत आहे. मी पायरीवर बसून थापा मारायच्या आणि हिने आतून ओरडायचं, "निम्मं करा!" मी म्हटलं साप वीस फुटी, की आतून "निम्मं करा!" दहा फुटांवर आलो, की पुन्हा "निम्मं करा!" सापाचं गांडूळ होईपर्यंत ही सोडायची नाही. लोक माझी गोष्ट ऐकायला जमतात हा माझा भ्रम. ते हिची आरोळी ऐकायला यायचे. मीही सगळी मापं तिच्या भरवशावर वाढवत आलो. गिऱ्हाईक घासाघीस करणार हे ठाऊक असलं की दुकानदार भाव चढवून सांगतो ना, तसं.

मग हिच्या थायरॉइडला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी ठरली, आमचा जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आल्यावर हिने मला हाक मारायला तोंड उघडलं, तर बाहेर आली नुसती हवा. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून येते तशी. तेव्हापासून ही गप्प. काही हवं असलं की चमचा वाजवते. बोल म्हटलं की तोंड फिरवते.

"तर परवा तिला तपासायला नेलं," मी सुरू केलं. "गळ्यातल्या स्वरतंतूंच्या दोन पट्ट्या हलतात का, ते बघायला."

"गळ्यातलं कसं हो दिसतं?" गिरणीवाला.

"नाकातून! आधी नाकात बधिर करायचा फवारा मारतात. मग काळी नळी घालतात, टोकाला दिवा. चांगली पंचवीस हात लांब."

थांबलो. कान खिडकीकडे. एक शेंग तेवढी फुटली.

"बाप रे, पंचवीस हात," शिंपीदादा म्हणाले. जन्मभर टेप गळ्यात घालून फिरलेला माणूस! चेहऱ्यावर अशी दया, की मी नळी चंद्रापर्यंत नेली असती तरी त्यांनी मान डोलावली असती.

खरी नळी जेमतेम हातभर होती. डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या, लेकीने आईचे खांदे धरले होते आणि मी हिचा चष्मा सांभाळत उभा होतो. मला तेवढंच काम दिलं होतं. मनात म्हटलं होतं, आत गेल्यावर हिला काहीतरी बोलून हसवीन. आयुष्यभर दुसरं केलंय काय? पण नळी नाकात शिरली, हिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली आणि मला एक शब्द सुचला नाही. पडद्यावर ओली गुलाबी बोळ दिसली. तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, एका टोकाला जुळलेल्या.

"श्वास घेतला की या उघडतात, आवाज काढला की जवळ येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हं, आजी, ई म्हणा."

हवा.

"पुन्हा. लांबवून. ई..."

तेवढ्यात खोलीत खणखणीत 'ई' उमटली. डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही नाही."

"ई म्हणा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई," मी पायरीवर सांगितलं. "हिने म्हटलं, मग मी म्हटलं, लेकीने म्हटलं, नर्सने म्हटलं. बाहेर बाकांवरची दोनशे माणसं ई करायला लागली. लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी आतून साथ दिली!"

पुन्हा थांबलो. यावर तरी?

"होतं असं कधी कधी," गिरणीवाला म्हणाला.

कुठे होतं रे? कधी होतं? त्याच्या मानगुटीला धरून हलवावंसं वाटलं. निघताना डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, मी काय करू? त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात फार काही नाही. पण त्यांना बोलतं ठेवा. लाजून गप्प राहिल्या तर आवाजाला सवय कशी लागणार?" म्हणून तर पंचवीस हात, म्हणून दोनशे माणसं. आणि हे दोघे शहाणे सगळं गिळत होते.

शिंपीदादांनी हळूच विचारलं, "मग काका, हलल्या का हो पट्ट्या?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. गोष्ट एवढी ताणली होती ती याच्यापर्यंत पोहोचूच नये म्हणूनही. मागे ही ऐकत होती. तिनेही पडदा पाहिला होता, माझ्या हातातला चष्मा मागून घेऊन, नीट.

"हलल्या म्हणजे? दोन्ही हलल्या!" मी म्हणालो. माझाच आवाज मला पातळ वाटला. "अशा फडफडल्या की डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचे कागद उडाले."

शिंपीदादांनी हात जोडले. गिरणीवाल्याने डोळ्यांना बाही लावली. बसला विश्वास, पुरता बसला, आणि मिशीची आठवण कुणी काढली नाही. मी थंड झालेल्या चहात बघत बसलो.

मागे शेंगा फुटायच्या थांबल्या.

खिडकीत काहीतरी खरवडलं. मग नुसती हवा. गिरणीवाला घाबरून उठायला लागला, तर मी त्याचा गुडघा दाबून धरला.

"निम्मं..." श्वास संपला. तिने दुसरा घेतला. "...करा. एकच हलली."